परक्या गोगलगायींचा जनुकीय माग

गोड्या पाण्यात बाहेरून येऊन फोफावलेली गोगलगाय मुळात कुठली, ती किती वेळा आली आणि कोणत्या वाटेने, हे तिच्या डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. शंखाच्या आकारावर याबाबत विसंबता येत नाही. पाण्याची ओढ, त्यातला चुना, आसपासचे मासे यांनुसार एकाच जातीचा शंख कुठे लांबट, तर कुठे फुगीर होतो. जुन्या अभ्यासकांनी त्यापायी एकाच प्राण्याची अनेक बारशी करून ठेवली आहेत.

नमुना म्हणून गोगलगायीच्या पायाचा बारीक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात. काम अडते ते तिच्या बुळबुळीत द्रावापाशी. त्यातली चिकट द्रव्ये डीएनएबरोबर उतरतात आणि पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रियाच बंद पाडतात, म्हणून आधी ती काढून टाकावी लागतात. त्यानंतर बहुधा तंतुकणिकेतील, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातील (मायटोकॉन्ड्रिया), एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा पट्टा वाचला जातो. तंतुकणिकेचा डीएनए आईकडूनच येत असल्याने मातृवंश सरळ मागे नेता येतो. मायदेशात या पट्ट्याचे पुष्कळ प्रकार, म्हणजे हॅप्लोटाइप, सापडतात. बाहेर पडलेल्या मूठभर गोगलगायींबरोबर त्यांतले एखाददुसरेच जातात. परमुलखात सापडलेला प्रकार मायदेशात नेमका कुठे आढळतो, ते पाहायचे. वेगवेगळ्या ठिकाणांहून वारंवार आयात झाली असेल, तर मात्र परमुलखातही वैविध्य भरपूर दिसते.

सर्वांत बोलके उदाहरण पोटॅमोपिर्गस अँटिपोडेरम या न्यूझीलंडच्या गोगलगायीचे. शंख जेमतेम ५ मिमी., रंग तपकिरी. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये थेम्सच्या खाडीकडच्या नमुन्यांवरून तिला वेगळी जात समजून नाव दिले गेले आणि ती बराच काळ युरोपचीच मानली गेली. पुढे शरीररचनेच्या अभ्यासातून न्यूझीलंडची आणि ही एकच, हे मान्य झाले. न्यूझीलंडमध्ये कुठून, हे मात्र डीएनएने सांगितले: युरोपात पसरलेले दोन हॅप्लोटाइप तिथल्या उत्तर बेटाकडे बोट दाखवतात.

मायदेशात या जातीत नर-मादीच्या संयोगाने वाढणारे आणि अनिषेकजननाने, म्हणजे नराविना, वाढणारे असे दोन्ही गट शेजारी-शेजारी नांदतात. बाहेर गेले ते दुसऱ्या गटातले. एक मादी पुरेशी. तिची पिल्ले म्हणजे तिच्याच नकला, आणि चौरस मीटरला लाखांच्या घरात भरतील इतक्या. अमेरिकेत ती १९८७ मध्ये आयडाहोतील स्नेक नदीत आणि १९९१ मध्ये ओंटॅरिओ सरोवरात सापडली. एकाच प्रसाराचे हे दोन टप्पे असावेत, असे नकाशा पाहून वाटते. प्रत्यक्षात दोन्हीकडचे क्लोन, म्हणजे एकसारख्या नकलांचे वंश, वेगळे निघाले. सरोवरातला क्लोन युरोपातल्याशी जुळतो, म्हणजे तो बहुधा अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून आला. पश्चिमेकडचा त्याच्याशी जुळत नाही. एकीकडे बंदोबस्त जहाजांचा करायचा, दुसरीकडे मासे पकडणाऱ्यांच्या गमबुटांचा. शंखाचे झाकण मिटून ही गोगलगाय ओलसर बुटात कित्येक दिवस तग धरते.

भातशेतीत हाच प्रश्न पोमेसिया या मोठ्या गोगलगायींनी उभा केला. १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून त्या अर्जेंटिनातून तैवानात आणल्या. गिऱ्हाईक मिळाले नाही आणि त्या शेतांत शिरल्या. भाताच्या काडीवर पाण्याच्या वर चिकटलेले गुलाबी अंड्यांचे घोस ही त्यांची खूण. आशियात सरसकट एकच नाव चालत होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात जाती एकाहून अधिक आणि आयातीही अनेक निघाल्या.

फायसा अक्युटा या गोगलगायीची गोष्ट नेमकी उलटी. तिचे नामकरण १८०५ मध्ये फ्रान्समधल्या गारॉन नदीतील नमुन्यांवरून झाले, त्यामुळे ती युरोपची हे गृहीतच होते. अमेरिकेतल्या तशाच गोगलगायींना १८१७ मध्ये निराळे नाव मिळाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकर-प्रयोगांत दोन्हींची संतती सुरळीत वाढली, आणि डीएनएच्या वंशवृक्षात त्या उत्तर अमेरिकेच्या फांदीवर बसल्या. आधीचे नाव तेच खरे, या नियमाने अमेरिकन प्राण्याला फ्रेंच नदीकाठचे नाव कायमचे चिकटले. ती उभयलिंगी असून प्रसंगी स्वफलन करते, म्हणून मत्स्यपेटीतल्या पाणवनस्पतीच्या पानावरचा जेलीसारखा एक अंडपुंजकाही नवी वस्ती उभी करायला पुरतो. भारतात आणि महाराष्ट्रातही ती पसरली आहे. टोक वर व तोंड आपल्याकडे धरले तर तिच्या शंखाचे तोंड डावीकडे येते. (देवघरातला मौल्यवान ‘दक्षिणावर्ती’ शंखही या मोजणीत डावाच, परंपरेत तो उलटा धरून पाहतात.)

पद्धतीची मर्यादा मायदेशात आहे. तिथल्या नद्यांतून पुरेसे नमुने गोळा झालेले नसतील, तर परका हॅप्लोटाइप कोणाशीच जुळत नाही. आणि एकच हॅप्लोटाइप दोन देशांत असेल तर तंतुकणिकेवर निवाडा होत नाही, पेशीकेंद्रातला डीएनए वाचावा लागतो.