जपानमध्ये टिप दिली की अपमान होतो म्हणे!

वर्षानुवर्षं हे फिरतंय की जपानमध्ये वेटरला टिप दिली की त्याचा अपमान होतो आणि तुम्ही उद्धट टूरिस्ट ठरता. अहो, असं काही नाही. तिथे टिपची पद्धतच नाही, त्यामुळे टेबलावर नाणी ठेवून निघालात तर तो बिचारा 'पैसे विसरलात' म्हणून रस्त्यापर्यंत मागे धावत येऊ शकतो, यात राग कसला, नुसता गोंधळ. आणि गंमत म्हणजे र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक हॉटेलात, खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना 'कोकोरोझुके', म्हणजे आभारादाखल थोडी बक्षिशी, द्यायची जुनी रीत आहेच की, सक्ती नाही, पण द्यायचेच तर कोऱ्या नोटा छोट्या पाकिटात घालून, बहुतेकदा आल्या आल्याच. उघडी नोट हातात कोंबणं मात्र वाईट दिसतं. बाकी ट्रेनमध्ये मोठमोठ्यानं फोनवर बोलणं टिपपेक्षा कितीतरी जास्त खटकतं तिथे.