वापरलेल्या मोटार इंजिनांची आयात (इंदूर परिसर)

परदेशात चाललेल्या मोटारगाडीतून उतरवलेले इंजिन दुसऱ्या गाडीत बसवण्यासाठी, त्याचे सुटे भाग वेगळे करून विकण्यासाठी किंवा निव्वळ धातूसाठी सीमाशुल्क भरून देशात आणण्याचा व्यवहार. इंदूरला बंदर नसल्याने असा माल न्हावा शेवा किंवा मुंद्रा येथे जहाजातून उतरतो. तिथेच तो सोडवून ट्रकमधून (न्हावा शेव्याहून आग्रा-मुंबई रस्त्याने) आणता येतो. सीलबंद कंटेनर पीथमपूर-टिही परिसरातल्या अंतर्देशीय कंटेनर डेपोत आणून तपासणी आणि शुल्कभरणा तिथे करण्याचीही सोय आहे. ग्वाल्हेरजवळ मालनपूर आणि वडोदऱ्याजवळ दशरथ येथील डेपो याच प्रकारचे. बंदर ते डेपो हा प्रवास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ५४ खालच्या वाहतूक-परवान्यावर होतो. तेवढ्या काळापुरता माल कायद्याच्या दृष्टीने सीमेवरच असतो.

पूर्वपीठिका : माळव्यात सीमाशुल्क समुद्रकाठापुरते कधीच नव्हते. होळकर आणि शिंदे यांच्या राज्यांत हद्दीतून जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर सायर (वाटेवरची जकात) घेतले जाई. महू ही ब्रिटिश छावणी इंदूरच्या अगदी लगत असल्याने मोटार, तिचे भाग आणि पेट्रोल यांना थोड्याच अंतरात दोन राजवटींचे नियम लागू होत. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ स्थापन झाला आणि १ एप्रिल १९५० च्या आर्थिक एकीकरणाने परदेशी मालावरचे सीमाशुल्क केंद्राकडे गेले. तरीही संविधानाच्या मूळ अनुच्छेद ३०६ ने ‘ब’ वर्गातील (मध्यभारतासारख्या, पूर्वीच्या संस्थानांच्या) राज्यांना अंतर्गत आयात-निर्यात कर काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने वगळला गेला. पुढे मध्य प्रदेशात जकातीची जागा १९७६ च्या कायद्याने प्रवेश कराने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. मुंबईत शुल्क भरून आणलेल्या इंजिनाला इंदूरच्या वेशीवर पुन्हा कर का द्यावा लागे, याचे उत्तर या परंपरेत आहे.

आयात नियंत्रणाचा धागा वेगळा. आयात व निर्यात (नियंत्रण) अधिनियम, १९४७ पासून परवान्याशिवाय परदेशी इंजिन आणणे जवळजवळ अशक्य होते. १९९१ नंतर धोरण सैल झाले, १९९२ मध्ये विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम आला आणि १ एप्रिल २००१ पासून बहुतेक मालावरचे संख्यात्मक निर्बंध उठले. वापरलेल्या मालाचा दरवाजा मात्र तेव्हाही पूर्ण उघडला नाही.

व्यवहाराचा उगम : जुन्या परदेशी इंजिनांची मागणी कशी निर्माण झाली याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले पुरवठ्यावर भर देते. जपानमध्ये मोटारीची सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी करावी लागते. ती महाग असल्याने चांगल्या स्थितीतल्या गाड्या लवकर मोडीत निघतात आणि त्यांची इंजिने थेट किंवा शारजासारख्या बाजारांतून जगभर जातात. दुसरे स्पष्टीकरण मागणीकडे पाहते. परवाना-काळात एकच गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवावी लागे, पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत मोठी तफावत होती, आणि अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवण्यासारखी कामे देशभरच्या गॅरेजांत होत होती. दुसरे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. इंजिन बदलण्याचे कौशल्य आधी तयार नसते, तर आलेला माल बसवणारे हात मिळाले नसते.

पीथमपूरची औद्योगिक वसाहत ऐंशीच्या दशकात वाढली, तेव्हा तिथे जपानी सहकार्याने वाहने आणि इंजिने तयार होऊ लागली. आयशरची मित्सुबिशीबरोबरची हलकी मालवाहू वाहने आणि हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातली इसुझू इंजिने ही त्यांतली ठळक उदाहरणे. इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन कॉन्टेसात आणि पुढे अँबॅसिडरमध्ये बसले. जपानी इंजिनाची रचना, त्याची मापे आणि त्याला लागणारी काटेकोर जुळणी इथल्या कारागिरांना परकी राहिली नाही याचे श्रेय या कारखान्यांना द्यावे लागते.

वर्गीकरण : या विषयाचा सर्वांत वादग्रस्त आणि आयातदाराला सर्वांत महागात पडणारा भाग. सीमाशुल्क दरपत्रकात ठिणगीने पेटणारी पिस्टन इंजिने शीर्षक ८४०७ मध्ये, तर दाबाने पेटणारी, म्हणजे डिझेल इंजिने, ८४०८ मध्ये येतात. त्यांचे भाग ८४०९ मध्ये असतात. मोटारींचे इतर भाग ८७०८ मध्ये मोडतात. ‘मोटारीचा भाग’ म्हणून इंजिनही ८७०८ मध्ये दाखवण्याची चूक वारंवार होते. पण दरपत्रकाच्या विभाग १७ (वाहने आणि त्यांचे भाग) च्या टिपांनी इंजिने त्या विभागातून स्पष्टपणे वगळली आहेत. गिअरबॉक्स जोडलेले असले तरी इंजिन हे इंजिनच राहते, असा आंतरराष्ट्रीय स्पष्टीकरणांचा कल आहे. सुटा गिअरबॉक्स मात्र ८७०८ मध्येच.

खरी अडचण हाफ-कटची, म्हणजे अर्धी कापून पाठवलेल्या गाडीची. इंजेक्शन आणि संगणकीय नियंत्रण आल्यापासून नुसते इंजिन फारसे उपयोगाचे उरले नाही. त्याचे नियंत्रक, वायरिंग, सेन्सर आणि बऱ्याच गाड्यांत चावीशी बांधलेले कुलूपयंत्र सोबत लागते. म्हणून गाडीचा पुढचा अर्धा भाग कापून इंजिन, गिअरबॉक्स, सबफ्रेम आणि डॅशबोर्डसकट पाठवला जातो. हे इंजिन, भागांचा संच की अपूर्ण मोटार? दरपत्रकाचा अर्थ लावण्याच्या सर्वसाधारण नियमांपैकी २ (अ) सांगतो की अपूर्ण वस्तूत पूर्ण वस्तूचे मूलभूत स्वरूप असेल तर ती पूर्ण वस्तूच समजावी. एकाच कंटेनरमध्ये पुढचा आणि मागचा असे दोन्ही तुकडे निघाले, तर अधिकारी त्याला सुटी केलेली मोटार म्हणू शकतात. मग जुन्या मोटारींच्या अटी लागू होतात : निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसणे, उजव्या बाजूचे स्टिअरिंग, केवळ मुंबई बंदरातून प्रवेश. या अटींना असा माल क्वचितच उतरतो. फक्त पुढचा तुकडा असल्यास तो इंजिन आणि इतर भाग असा वेगवेगळा दाखवणे सुरक्षित. चलनात (विक्रेत्याच्या इनव्हॉइसमध्ये) एकच ठोक वर्णन लिहिणे टाळावे.

परवान्याचा प्रश्न : २०२३ च्या विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद २.३१ नुसार वापरलेली भांडवली यंत्रसामग्री काही अपवाद वगळता मुक्तपणे आणता येते. भांडवली नसलेला वापरलेला माल ‘निर्बंधित’ असतो आणि त्याला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. मोटारीचे इंजिन भांडवली यंत्र आहे का? धोरणाची व्याख्या वस्तू बनवण्यासाठी किंवा सेवा देण्यासाठी लागणारी यंत्रे आणि त्यांच्या बदलीसाठीची सामग्री सामावून घेते. टॅक्सीचा धंदा ही सेवाच आहे, असा युक्तिवाद त्यावरून केला जातो. तो चतुर आहे, पण विक्रीसाठी कंटेनरभर इंजिने आणणाऱ्याला लागू पडत नाही. इंजिन कुठल्या गाडीत बसेल हे आयातीच्या वेळी ठरलेलेच नसते. जुन्या फोटोकॉपी यंत्रांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आयातदारांच्या बाजूने निर्णय दिला, तो त्या काळच्या धोरणाच्या शब्दांवर आधारलेला होता. इंजिनांसाठी त्याचा आधार घेताना हे विसरता कामा नये.

परवान्याशिवाय आलेल्या मालाचे काय होते, यावर दोन मते आहेत. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १११ (ड) खाली तो जप्तीस पात्र ठरतो. कलम १२५ नुसार निषिद्ध नसलेला माल दंड भरून सोडवण्याचा पर्याय द्यावाच लागतो. निषिद्ध मालाबाबत तो अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो. ‘निर्बंधित’ म्हणजे ‘निषिद्ध’ का? जुन्या बहुकार्यी छपाई यंत्रांच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंधित माल निषिद्ध नसल्याचे मानून तो दंडावर सोडण्याला मान्यता दिली. २०२१ मध्ये, ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर आणलेल्या वाटाण्याच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने अटी मोडून आलेला निर्बंधित माल निषिद्धच समजून कायमची जप्ती योग्य ठरवली. इंजिने ही यंत्रे असल्याने पहिला निर्णय त्यांना जवळचा वाटतो, आणि प्रत्यक्षात दंड भरून माल सुटल्याची उदाहरणे अधिक आढळतात. दंडाला वर मर्यादा आहे : मालाच्या बाजारभावातून शुल्क वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेपेक्षा तो जास्त असू शकत नाही. कलम ११२ चा व्यक्तिगत दंड त्याशिवाय. दंड हाच परवाना समजून धंदा करणे घातक आहे, कारण वारंवार तेच करणाऱ्याला सवलतीची अपेक्षा करता येत नाही.

मूल्यनिश्चिती : कलम १४ आणि २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार प्रत्यक्ष दिलेली किंमत हा मूळ आधार. तिच्यावर शंका आल्यास नियम १२ खाली ती नाकारता येते. अशा वेळी चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते. त्यात निर्मितीचे वर्ष, नवी असतानाची किंमत, सध्याची स्थिती, दुरुस्ती झाली असल्यास तिचा खर्च आणि उरलेले आयुष्य नमूद असते. जुन्या यंत्रांसाठी १९८७ च्या परिपत्रकातले घसाऱ्याचे कोष्टक अजूनही मार्गदर्शक मानले जाते. पहिल्या वर्षी दर तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५ आणि चौथ्या वर्षापासून २ टक्के, एकूण कमाल ७० टक्के. हिशेब केला तर पाच वर्षांना ५४ टक्के घसारा होतो आणि बरोबर सात वर्षे पूर्ण होताच ७० ची मर्यादा गाठली जाते.

इथे मोटार इंजिनावर अन्याय होतो. कारखान्यातले लेथ मशीन वीस वर्षांनीही बऱ्यापैकी काम देते, म्हणून त्याची तीस टक्के किंमत धरणे समजू शकते. पंधरा वर्षे शहरात चाललेले, हेड वाकलेले, बोअर झिजलेले इंजिनही कोष्टकात सात वर्षांच्या इंजिनाइतकेच मोलाचे ठरते. नवे असताना २ लाख रुपये किंमत असलेल्या इंजिनाचे मूल्य मग ६०,००० च्या खाली येत नाही, खरेदी कितीही स्वस्त झालेली असो. कोष्टक हा शेवटचा उपाय आहे, प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत सबळ कारणाशिवाय बाजूला सारता येत नाही, हा मुद्दा आयातदारांनी आग्रहाने मांडला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, मॉडेल आणि स्थिती चलनात वेगळी लिहिलेली हवी. ‘मिश्र जुनी इंजिने, इतके टन’ असे चलन घेऊन आल्यास हा युक्तिवाद टिकत नाही.

ठरलेल्या मूल्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर बसतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला शेवटच्या कराची वजावट मिळते, स्वतःच्या गाडीसाठी आणणाऱ्याला मिळत नाही. आयातदाराकडे आयात-निर्यात कोड क्रमांक हवा.

भंगार म्हणून आयात : वितळवण्यासाठी आणलेल्या ब्लॉकना (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यांना) धातूच्या भंगाराचे नियम लागतात. त्यांत रवानगीपूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्रही येते. कलम २४ खाली आयातदाराच्या विनंतीवरून माल सीमाशुल्काच्या देखरेखीत निकामी करून भंगाराच्या दराने सोडवता येतो. ब्लॉक कापला किंवा फोडला जातो, म्हणजे तो पुन्हा बसवता येत नाही. इंजिनात उरलेले तेल हा स्वतंत्र धोका. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. सांडणारे तेल सापडल्यास अख्खा कंटेनर अडकू शकतो आणि डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) वाढत जाते. कोरडी, तेल काढलेली इंजिने पाठवण्याची अट विक्रेत्याबरोबरच्या करारातच असावी.

सीमेनंतरचे टप्पे : शुल्क भरले म्हणजे इंजिन रस्त्यावर आणता येते, हा गॅरेजांत रुजलेला समज चुकीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रात उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच प्रकारचे इंजिन बदली म्हणून बसवताना परिवहन कार्यालयात नवा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो, आणि तेव्हा इंजिन कुठून आले हे दाखवणारे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे भरलेले आयातीचे विवरणपत्र), चलन आणि विक्रीची पावती मागितली जाते. ट्रान्सपोर्ट नगरातल्या गॅरेजवाल्याने इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेले असते, आणि मूळ बिलाची प्रत बहुधा पहिल्याच व्यापाऱ्याकडे राहिलेली असते. भुर्दंड शेवटी गाडीमालकाला पडतो. घेतानाच बिलाची प्रत मागावी आणि ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा. क्रमांकाची जागा घासलेली किंवा नव्याने ठोकलेली दिसली तर ते इंजिन घेऊ नये.

दुरुस्तीसाठी पाठवलेली इंजिने : भारतातून परदेशी दुरुस्तीला जाऊन परतणाऱ्या इंजिनांना ३० जून २०१७ च्या अधिसूचना क्र. ४५ खाली सवलत आहे. शुल्क दुरुस्तीचा खर्च आणि दोन्ही बाजूंचे भाडे व विमा यांवरच लागते. मालकी बदललेली नसणे आणि परतलेले इंजिन तेच असल्याची क्रमांकावरून खात्री होणे आवश्यक असते, म्हणून पाठवण्यापूर्वीच निर्यातीच्या कागदांत क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो.