लोकवर्गणीतला ‘हॉलो नाइट’: छोटं उद्दिष्ट, लांबलेलं आश्वासन

4 सप्टेंबर 2025. कोकणात अकरा दिवसांचे गणपती अजून घरात होते, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ‘हॉलो नाइट’ या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ विक्रीला आला आणि स्टीमसकट बहुतेक मोठी ऑनलाइन गेम दुकानं काही काळ आडवी झाली. चाकरमान्यांच्या पोरांनी आरती उरकून मोबाइल उघडला तेव्हा पैसे भरण्याचं पानच उघडेना. या गर्दीचं मूळ 2014 च्या एका बारक्या वर्गणीत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे आरी गिब्सन आणि विल्यम पेलन म्हणजे ‘टीम चेरी’. त्यांनी नोव्हेंबर 2014 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ‘हॉलो नाइट’साठी 35,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. 2,158 जणांनी मिळून 57,138 दिले, म्हणजे माणशी साधारण साडेसव्वीस. त्यातून किकस्टार्टरचे 5 टक्के, म्हणजे सुमारे 2,850 डॉलर, आणि वर कार्डाचं शुल्क वजा. उरलेल्या पैशात दोघांची दोन वर्षं ऑस्ट्रेलियात निघत नाहीत. मागणी आहे एवढंच त्या पैशाने सिद्ध केलं. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाच्याच कार्डावरून पैसे जात नाहीत, म्हणून आकडा छोटा ठेवण्याचा मोह होतो. पण गाठलं की त्याच पैशात काम पुरं करायची जबाबदारी गळ्यात पडते. मोहोर धरण्याआधीच हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेणाऱ्या बागायतदाराला ही धास्ती समजावून सांगायला नको.

खर्च आवाक्यात राहिला तो कामाच्या पद्धतीमुळे. चित्रं हाताने काढलेली, खेळ द्विमितीय. सुरुवात स्टेन्सिल या गेम बनवण्याच्या साधनात झाली, पुढे युनिटी या दुसऱ्या साधनात. शत्रूंच्या हालचालींची बरीचशी जुळणी प्लेमेकर या दृश्य साधनाने केली, त्यामुळे प्रोग्रॅमरांची फौज लागली नाही. वर्गणीदारांना दिलेली काही बक्षिसंही स्वस्तातली होती. खेळातल्या ‘स्पिरिट्स ग्लेड’ या जागेतली भुतं वर्गणीदारांच्या कल्पनेतली आहेत: एक चित्र आणि दोन ओळी संवाद, की झालं. (भुतं पुरवायची तर कोकणाने हजारभर सहज दिली असती.)

महाग पडली ती वाढीव उद्दिष्टं, म्हणजे जास्त पैसे जमले तर पुरी करायची जादा आश्वासनं. निन्टेन्डोच्या वी यू या गेम यंत्रासाठीची आवृत्ती कबूल केली होती; ते यंत्रच मागे पडलं आणि त्याच्या जागी निन्टेन्डोचंच स्विच आलं. दुसरं आश्वासन हॉर्नेट या पात्राला खेळता येण्याचं. कागदावर हे एका ओळीचं काम. पण खोल्या, कडे, खड्डे सगळे नाइट या मूळ नायकाच्या उडीच्या मापाने आखलेले. हॉर्नेट उंच आणि चपळ. उडी बदलली की प्रत्येक कडा नव्याने मोजावा लागतो, शत्रूंचा वेगही. जोडपुरवणी म्हणून सुरू झालेलं काम फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सिल्कसाँग’ या स्वतंत्र खेळाच्या रूपात जाहीर झालं. मूळ वर्गणीदारांना तो फुकट देण्याचं ठरलं, आणि पुढे साडेसहा वर्षं वाट पाहणं आलं.

मूळ खेळ 24 फेब्रुवारी 2017 ला पीसीवर आला. समीक्षकांनी उचलून धरलं (समीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर 100 पैकी 87), पण खरी उसळी 12 जून 2018 च्या स्विच आवृत्तीने दिली: दोन आठवड्यांत अडीच लाख प्रती. फेब्रुवारी 2019 पर्यंत एकूण 28 लाख. मधल्या काळात चार पुरवण्या फुकट दिल्या गेल्या. आमच्या मते इतकी वर्षं लोकांनी शिव्या कमी आणि विनोद जास्त केले, त्याचं निम्मं श्रेय या पुरवण्यांना. उलट ‘मायटी नंबर 9’ या खेळाने किकस्टार्टरवर 2013 मध्ये 38 लाख अमेरिकी डॉलरहून जास्त जमवले, ढीगभर यंत्रांवर यायचं कबूल केलं आणि 2016 मध्ये पडेल तोंडाने बाजारात आला.

‘सिल्कसाँग’च्या वेळी समीक्षकांना आगाऊ प्रती मिळाल्या नाहीत, वर्गणीदारांच्या आधी त्यांनी खेळणं टीम चेरीला रास्त वाटलं नाही. कौतुकाबरोबर तक्रारही आली, ती अवघडपणाची. हॉर्नेट रेशमाचे नऊ धागे खर्चून एकदम तीन मुखवटे (म्हणजे जिवाची मापं) भरून काढते, पण सुरुवातीला मुखवटे पाचच, आणि बऱ्याच शत्रूंचा एक फटका दोन घेऊन जातो. म्हणजे तीन चुकांत खेळ खलास. पहिल्याच दुरुस्तीत सुरुवातीचे काही प्रमुख शत्रू सौम्य केले. चिनी भाषांतरावर तिथले खेळाडू इतके भडकले की तेही सुधारायचं कबूल करावं लागलं.

इकडून अशा मोहिमेत पैसे घालायचे तर अडतं ते कार्डावर. किकस्टार्टर पैसे मोहीम संपल्यावर कापतं आणि यूपीआय घेत नाही. 2020 नंतरच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रांवर चालतं, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार दोन्ही सुरू करावे लागतात, आणि ते वसुलीच्या दिवसापर्यंत सुरूच ठेवावे लागतात. मोहीम उभारणाऱ्यांच्या देशांच्या यादीत भारत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’साठीची 2017 ची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टाला पोहोचली नाही, खेळ ऑगस्ट 2020 मध्ये आधी स्विचवर आला तो दुसऱ्या वाटेने.

मूळ ‘हॉलो नाइट’ डिस्कवर 9 जीबी जागा मागतो, एकदा उतरवला की नेटशिवाय चालतो. पावसाळ्यात खेळातली प्रगती जपणारी फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली तर ती बिघडते, म्हणून विंडोजवर ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘लोकललो’ फोल्डरमधून टीम चेरीच्या नावाखालची ‘यूजर1.डॅट’ अधूनमधून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावी.