अर्धवेळ काम, परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने विद्यार्थी-व्हिसाच्या अटींत राहून केलेले पगारी काम. बोलण्यात सर्रास ‘पार्ट टाइम’. पुण्याला ही कल्पना नवी नाही. वार लावून जेवत शिकलेल्या मुलांच्या आठवणी इथल्या जुन्या वाड्यांत होत्या, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यापीठात आजही चालते. परदेशात मात्र आधी तास मोजले जातात.

ब्रिटनमध्ये पदवी-स्तरावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून २४. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. अमेरिकेत पहिले वर्ष विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते, तेही सत्रात २० तासांपर्यंत. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला स्वतंत्र व्यवसायाची मुभा नाही. ॲपवरून जेवण पोचवणारा रायडर तिथे बहुधा स्वतंत्र व्यावसायिक धरला जातो, त्यामुळे सोपे वाटणारे हेच काम व्हिसा घालवू शकते.

पुण्यातून जर्मनीकडे ओढा मोठा, म्हणून तिथला हिशेब जरा नीट पाहू. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातल्या साहाय्यकाचे काम, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘हिवी’, या मोजणीत धरत नाहीत. ते मिळाले तर सोडू नये. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. मिनीजॉबची, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीची, महिन्याची मर्यादा २०२५ मध्ये ५५६ युरो होती. ताशी १२.८२ युरो या त्या वर्षीच्या किमान वेतनाने महिन्याला सुमारे ४३ तास भरले की ती गाठली जायची. त्यातून खोलीचे भाडे निघते. शहर महाग असेल तर तेही पुरते निघत नाही. कोथरूडच्या दिवाणखान्यात ‘पार्ट टाइम करेल, कर्जाचा हप्ता फेडेल’ असे जे गणित मांडले जाते, ते इथेच फसते.

कामे साधी असतात : गोदामात खोकी लावणे, कॅफेत भांडी घासणे, सुपरमार्केटच्या फळ्यांवर माल लावणे. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी गिऱ्हाईक जर्मन बोलते. बेकरीच्या काउंटरवर कोणी पाव ‘गेश्निटन’, म्हणजे कापून, मागते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात घोटलेले व्याकरण तोवर दोन सेकंद मागे असते, आणि मागे रांग वाढत असते. ए-वनवर, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीवर, थांबलेल्यांना म्हणूनच बहुधा गोदाम मिळते. बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, झालेल्याला काउंटर, आणि पुढे नशीब असेल तर आपल्याच विषयातली ‘वर्किंग स्टुडंट’ची जागा. तिथे सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते.

उलट बाजूची नोंद क्वचितच होते. पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला भारताच्या विद्यार्थी-व्हिसावर नोकरीची परवानगी नसते. विमाननगरच्या कॅफेत तो गिऱ्हाईक म्हणून बसू शकतो, काउंटरमागे उभा राहू शकत नाही.