जिनिंग फिटर

कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या जिनांची जुळणी व दुरुस्ती करणारा कारागीर. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, आकोट या पट्ट्यात त्याचे काम दसऱ्याच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलात कापूस आटला की हिशेब होतो.

बहुतेक जिन डबल रोलर, 40 किंवा 54 इंची. हंगामाआधी झिजलेल्या रोलरवर चामड्याच्या नव्या चकत्या दाबून बसवतात, लेथवर गोलाई आणतात आणि तिरक्या खाचा पाडतात. खाचा बुजल्या की रोलर धागा पकडत नाही, माल निघणे मंदावते. स्थिर सुरी रोलरवर जास्त दाबली तर चामडे तापून लवकर झिजते. ढिली राहिली तर धागा निसटतो. हलती सुरी प्रमाणाबाहेर पुढे आली की सरकी फुटते आणि तिचे कण रुईत जातात, कमी आली तर सरकीवर रुई राहते. क्विंटलमागे 33 ते 35 किलो रुई निघायला हवी. उतारा घसरला की मालक आधी फिटरकडे पाहतो. कापूस ओला आला होता हे नंतर आठवते.

जिनिंगमध्ये युनियन क्वचितच टिकते. पुढच्या दसऱ्याला निरोपच आला नाही की माणूस कामावरून गेला, नोटीस लागत नाही. कायद्यानेही फारसा आधार दिला नाही: 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात कापूस जिनिंग-प्रेसिंग 'हंगामी कारखाना' म्हणून नावानिशी वगळले होते.

म्हणून नजर असते वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणींवर आणि वीज केंद्रावर. कोळशातली पगारवाढ केंद्रीय युनियन वाटाघाटीत बसून ठरवतात. 1 जुलै 2021 पासूनच्या अकराव्या करारात चार युनियन बसल्या आणि 19 टक्के वाढ मिळाली. पण 'पोरगा वेकोलित लागला' म्हणतात तेव्हा आयटीआयच्या दोन वर्षांपेक्षा सातबारा जास्त कामी आलेला असतो, कारण संपादित दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. भूमिहीन फिटर त्याच खाणीत ठेकेदाराकडे डंपर दुरुस्त करतो. पान्हा तोच असला तरी पगार निराळा. त्याचा राग युनियनवर कमी असतो, तिच्या दाराशी अडवणाऱ्या 'परमनंट' या शब्दावर जास्त.

उन्हाळ्यात हाच फिटर थ्रेशरचे बेअरिंग बदलतो, विहिरीवरचे पंप खोलतो. मजुरी रोख मिळते, कधी तुरीच्या पोत्यात.