वेलर क्युबात उतरण्याआधी

स्पेनचा सेनापती वालेरियानो वेलर याचं नाव निघालं की स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात खेड्यातल्या लोकांना कोंडायच्या छावण्या आणि 'कसाई' ही पदवी, बहुतेक ठिकाणी एवढंच वाचायला मिळतं. हर्स्ट आणि पुलित्झर या मालकांच्या अमेरिकन पेपरांनी ते इतकं लावून धरलं की सगळा दोष एका माणसाच्या क्रूर स्वभावावर गेला, आणि त्याला निवडून तिथे पाठवणारं माद्रिदचं सरकार अलगद सुटलं. मला हे अजिबात पटत नाही, कारण फेब्रुवारी १८९६ मध्ये तो हवानाला पोचला तेव्हा तो काय करणार हे पाठवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

माणूस मायोर्का बेटावरच्या पाल्माचा, जन्म १८३८, वडील लष्करात डॉक्टर, घराणं मूळचं जर्मन. तोलेदोला लष्करी शिक्षण, मग सांतो दोमिंगोत (आजचं डॉमिनिकन रिपब्लिक) लढाई, आणि १८६८ ला क्युबात पहिलं मोठं बंड पेटलं तेव्हा तिथे. ते बंड दहा वर्षं चाललं. बंडखोर समोर येऊन लढायचे नाहीत, खेड्यातले लोक त्यांना खायला द्यायचे, लपवायचे, सैन्य कुठे चाललंय ते कळवायचे, म्हणजे बंड मोडायचं तर खेडीच रिकामी करायची हा विचार स्पॅनिश अधिकाऱ्यांमध्ये तेव्हाच रुजला होता. पुढे वेलर कॅनरी बेटांचा कॅप्टन जनरल, म्हणजे तिथला लष्करी प्रमुख झाला, तेनेरीफेचा मार्की हा किताबही मिळाला.

१८८८ ला तो फिलिपिन्स या स्पॅनिश वसाहतीचा गव्हर्नर जनरल झाला. त्याच डिसेंबरात मालोलोस गावात २० तरुणींनी त्याच्या हातात एक अर्ज ठेवला, आम्हाला स्पॅनिश शिकायला रात्रशाळा हवी. गावच्या पाद्र्याचा विरोध होता, तरी पुढे परवानगी मिळाली आणि शाळा काही महिने का होईना चालली. त्या मुलींची हिंमत बघा, वसाहतीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापुढे जाऊन उभं राहायचं त्या काळात! पण फिलिपिन्समधल्याच कलांबा गावात वेगळाच वेलर दिसला. तिथली जमीन डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या मठाची, कुळांचं खंडावरून भांडण चाललेलं, त्यात फिलिपिन्सचा राष्ट्रनायक मानला जाणारा लेखक होसे रिझाल याचं कुटुंबही होतं. वेलरने मठाच्या बाजूने सैन्य पाठवलं आणि कुळांना घरातून बाहेर काढलं. क्युबाच्या पाचसहा वर्षं आधीची ही गोष्ट.

फेब्रुवारी १८९५ ला क्युबात पुन्हा उठाव झाला. तेव्हा तिथे जनरल मार्तीनेस काम्पोसला पाठवलं, १८७८ ला आधीचं बंड तह करून मिटवलं ते यानेच. त्याने जुलै १८९५ मध्ये पंतप्रधान कानोवासला जे पत्र लिहिलं ते या सगळ्याच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. त्यात तो सरळ सांगतो की खेड्यातली कुटुंबं शहरांत आणून ठेवता येतील, पण मग उपासमार भयंकर होईल, माझ्याच्याने ते होणार नाही, आणि हे काम करू शकेल असा माणूस म्हणजे वेलर. म्हणजे उपासमार होणार हे आधीच लिहून दिलेलं होतं! तरी कानोवासने वेलरलाच पाठवलं.

पुढचं झपाट्याने घडलं. आधी पूर्व भागासाठी हुकूम निघाला, मग ऑक्टोबर १८९६ ला पश्चिमेकडच्या पिनार देल रिओ प्रांतासाठी: ८ दिवसांत सगळ्यांनी लष्कराचा पहारा असलेल्या गावात यायचं, जो बाहेर सापडेल तो बंडखोर, आणि गावाबाहेर अन्न न्यायला बंदी. बंडखोरांचा सेनापती गोमेसही उसाची शेतं जाळत होता, हे लपवायचं कारण नाही, त्याचीही झळ गरिबांनाच लागली. पण कोंडलेल्या लोकांना जेवण कोण देणार याची सोयच नव्हती, त्यात घाणीत देवी, आमांश, पिवळा ताप. क्युबाची लोकसंख्या तेव्हा साधारण १६ लाख होती आणि त्यातले निदान १ लाख लोक या धोरणापायी गेले, बरेच अभ्यासक दीड लाखाच्या पुढे जातात. स्पेनचे शिपाईसुद्धा गोळीपेक्षा तापानेच जास्त मेले, आणि हा ताप डासांमुळे पसरतो हे हवानाच्याच डॉक्टर कार्लोस फिनलायने १८८१ ला मांडलं होतं, कोणी मनावर घेतलं नाही.

ऑगस्ट १८९७ ला एका इटालियन अराजकवाद्याने कानोवासला गोळी घातली, उदारमतवादी पक्षाचा सागास्ता सत्तेवर आला आणि ऑक्टोबरमध्ये वेलरला परत बोलावलं. पण तोवर जीव जायचे ते गेले होते, आणि १८९८ ला अमेरिकेशी युद्ध होऊन क्युबा स्पेनच्या हातातून गेलाच. ज्या अमेरिकेने त्याला कसाई म्हटलं तिच्याच सैन्याने १९०१ च्या शेवटी फिलिपिन्सच्या बातांगासमध्ये हाच प्रकार केला, आणि ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेत बोअर, म्हणजे डच वंशाच्या लोकांच्या बायकामुलांसाठी छावण्या काढल्या.

वेलरवर मात्र मायदेशी काही आलं नाही. तो नंतर युद्धमंत्री झाला, तोही एकदा नाही, आपल्या क्युबातल्या कारभाराचं समर्थन करणारे पाच खंड लिहिले, आणि १९३० ला माद्रिदमध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी वारला.