अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या मुलींची सोरॉरिटी: कोण पात्र, अर्ज कसा, कागद कुठले

ऑगस्ट आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा मेसेज येतोच, ताई मी पर्ड्यूला पोचले, इथे फाय रो म्हणून काहीतरी आहे, जॉइन करू का? आणि पाठोपाठ तिच्या आईचा फोन, अगं ते सोरॉरिटी म्हणजे पिक्चरमधलं दारूपार्टीवालं प्रकरण का? दोघींचा कॉमन प्रश्न, डॉक्युमेंट्स काय लागतात. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

सोरॉरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना, एकदा मेंबर झालीस की डिग्रीनंतरही तू त्यांचीच. यातल्या जुन्या मोठ्या सोरॉरिटींची भरती म्हणजे रश, त्यात बऱ्याच ठिकाणी दिवसच्या दिवस जातात, आणि इंजिनिअरिंगवालीला लॅब, असाइनमेंट सोडून तेवढा वेळ कुठला मिळायला. 1984 मध्ये इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत रश्मी खन्ना आणि ॲबी मॅकडॉनल्ड यांची नेमकी हीच अडचण झाली, मग त्यांनी 24 सप्टेंबरला स्वतःचीच सोरॉरिटी काढली, फाय सिग्मा रो, बोलताना फाय रो. त्याच्या आदल्या वर्षी मिलवॉकीच्या मार्केट युनिव्हर्सिटीत (बाजाराशी संबंध नाही, नावच तसं आहे) अल्फा ओमेगा एप्सिलॉन निघाली होती, आणि 1989 मध्ये मिनेसोटात अल्फा सिग्मा कॅप्पा. तिन्हींच्या शाखा आता बऱ्याच कॅम्पसवर आहेत, शाखेला चॅप्टर म्हणतात. तुझ्या कॅम्पसवर कुठली आहे ते आधी बघ, कारण अर्ज चॅप्टरकडेच करायचा असतो.

आता पात्रता. मुलगी हवी, त्या कॉलेजची रेग्युलर विद्यार्थिनी हवी आणि शिक्षण इंजिनिअरिंगचं किंवा टेक्निकल हवं. पर्ड्यूसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी ब्रँच मिळालेलीच नसते, सगळे फर्स्ट इयर इंजिनिअरिंगमध्ये असतात, तरी ते इंजिनिअरिंगच, त्याचं टेन्शन घेऊ नको. घोळ होतो तो कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा, कारण काही युनिव्हर्सिटीत ते सायन्स कॉलेजात असतं, म्हणून आपला मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, चालतो का हे मेसेज करून आधीच विचारायचं. जीपीएची, म्हणजे ग्रेडच्या सरासरीची, किमान अट असते, आकडा चॅप्टर आणि कॅम्पसनुसार बदलतो. पहिल्या सेमिस्टरला जीपीएच नसतो, त्यामुळे काही युनिव्हर्सिटी पहिल्या सेमला कुठल्याच सोरॉरिटीत जाऊ देत नाहीत, दुसऱ्या सेमपर्यंत थांबावं लागतं. एकाच वेळी दोन सोशल सोरॉरिटी चालत नाहीत, पण सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स ही सोरॉरिटी नाहीये, तिथे खुशाल असू शकतेस. एमएसला जाणाऱ्या मुली विचारतात, तर हे मुळात अंडरग्रॅडचं प्रकरण आहे, चॅप्टर घेत असेल तरच, विचारून बघ.

कागदपत्रं म्हटलं की आपल्याकडच्या मुली फोल्डरच घेऊन निघतात, डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर, लिव्हिंगच्या चार झेरॉक्स, त्यातलं काही म्हणजे काहीसुद्धा लागत नाही गं. ऑनलाइन इंटरेस्ट फॉर्म असतो, त्यात नाव, कॉलेजचा ईमेल, मेजर, कितवं वर्ष, एवढंच. पुढे ग्रेड बघायची परवानगी म्हणून एका फॉर्मवर सही घेतात किंवा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची मार्कशीट, मागतात, कारण तिकडच्या कायद्याने तुझे मार्क तुझ्या परवानगीशिवाय कॉलेज असे कुणालाही देत नाही, वडिलांनासुद्धा नाही (हे ऐकून आमच्या एका काकांना धक्काच बसला होता). पासपोर्टची कॉपी, एसएसएन (तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर) असलं काही कुणी मागितलं तर द्यायचं नाही, सरळ कॉलेजच्या ग्रीक लाइफ ऑफिसात, म्हणजे सोरॉरिटींचं काम बघणाऱ्या ऑफिसात, जाऊन विचारायचं. एफ-1 व्हिसावर असलीस तरी मेंबर व्हायला वेगळी परमिशन लागत नाही, फक्त फुलटाइम क्रेडिट्स टिकव.

खरी प्रोसेस पुढेच आहे आणि तिथेच आपल्या मुली अडखळतात, कारण डोक्यात कॅप राउंड असतो, मार्क भरले की मेरिट लिस्ट लागेल. इथे लिस्ट लागत नाही. सेम सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रशचे कार्यक्रम असतात, कधी पिझ्झा, कधी क्राफ्ट, कधी नुसत्या गप्पा, सुरुवातीचे सगळ्यांना खुले आणि शेवटचे बोलावलं तरच. तिथे जाऊन कोपऱ्यात मोबाईल बघत बसलीस तर 4.0 जीपीए असून उपयोग नाही, त्यांना तुझं नाव आणि चेहरा लक्षात राहिला पाहिजे. भाषणबाजी नको, कुठून आलीस, आठवड्याला किती तास लॅब, होस्टेलचं जेवण कसं, हे साधं बोललं तरी पुरे. आणि तूही त्यांना पारखायचंस, परीक्षेच्या आठवड्यात मीटिंग ठेवता का, हे नक्की विचार.

मग बिड येते, म्हणजे आमंत्रण. ती मुदतीत स्वीकारायची, कॅपसारखं ऑटो फ्रीझ, म्हणजे सीट आपोआप पक्की होणं, वगैरे काही नाही, गप्प बसलीस तर गेली. स्वीकारली की काही आठवडे न्यू मेंबर, या काळात एक सिनियर तुझी बिग होते, तू तिची लिटल, आणि शेवटी इनिशिएशन, मग पक्की मेंबर.

पैसे मात्र बिड स्वीकारायच्या आधी विचार, लाजू नको. दर सेमचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, असतात, सुरुवातीची न्यू मेंबर फी आणि बॅज वेगळा, टीशर्टांचा खर्च कुणी धरतच नाही पण तोही होतो. आकडा लेखी मागायचा, हप्ते चालतात का तेही विचारायचं, कारण एफ-1 वर सेम चालू असताना कॅम्पस जॉब आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, त्यात सगळं बसवायचंय. काही चॅप्टरचं राहायचं घर असतं, बऱ्याच जणांचं नसतं, घर असेल तर तिथे राहणं कम्पलसरी आहे का हे भाडेकरारावर सही करायच्या आधी कळलेलं बरं.

आईंसाठी एक. रॅगिंगला तिकडे हेझिंग म्हणतात, आणि डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत त्याबद्दल केंद्राचा कायदा आलाय, त्यामुळे कुठल्या संघटनेने हेझिंगचे नियम मोडले याचा रिपोर्ट कॉलेजला वेबसाइटवर टाकावा लागतो. पोरीला शंभर प्रश्न विचारण्याआधी तो रिपोर्ट उघडून चॅप्टरचं नाव शोधा.

बिड नाही आली तर पुढच्या सेमला परत जाता येतं, बऱ्याच चॅप्टरचा जानेवारीतही रश असतो. फॉर्म मात्र नव्याने भरायचा, जुना चालेल असं धरून बसू नको.